आमच्या बीडचा अनुशेष पुण्याला पण महागात पडतोय

काल डबा खाताना ऑफिसातला एक मित्र बोलला, अरे आधी मुंबई-पुणे वाढू दे, देशाची ग्रोथ तिथूनच येते, मग हळूहळू तुमच्याकडे पण येईलच की. माणूस भला आहे, त्याच्या मनात काही नव्हतं, पण मला रात्रभर झोप नाही.

मी केज तालुक्यातला. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणितात एक पोरगी सगळ्यांच्या पुढं होती, गुरुजी फळ्यावर उदाहरण लिहून संपवायच्या आत हिचं उत्तर तयार. सहावीत दिवाळीची सुट्टी संपली आणि ती आलीच नाही. आई-बाप ऊसतोडीला गेले आणि धाकट्या भावाला सांभाळायला तिला घेऊन गेले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाजरीचं पोतं, पत्र्याची पेटी, कोंबड्या आणि त्या सगळ्याच्या वर ही. पाडव्याला परत आली तेव्हा अपूर्णांक होऊन गेले होते, पुढच्या वर्षी तर शाळाच सुटली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, आधीच उचल घेतलेली असते, आजारी पडून खाडा झाला तर तो पण अंगावर चढतो. सांगली कोल्हापूर कर्नाटकात साखर तयार होते आणि उत्पन्न त्या जिल्ह्याच्या नावावर लागतं, हात मात्र आमच्याकडचे. म्हणजे आमच्याशिवाय तुमची ग्रोथ चाललीय असं कुणी समजू नये.

विल्यमसन नावाच्या अर्थतज्ज्ञानं 1965 मध्ये मांडलं होतं की देश वाढायला लागला की सुरुवातीला भागाभागातली दरी वाढते आणि नंतर कमी होते. माझ्या मित्राचं म्हणणं तेच. शहरं वेगानं वाढतात हे मला पण मान्य आहे, कंपनीला कंपनीच्या शेजारीच जायचं असतं, तिथं माणसं मिळतात, रस्ते-वीज असते. पण दरी कमी व्हायला मागच्या भागात पाणी, शाळा, रेल्वे आधी पोचायला लागते, आणि ते कुणीतरी ठरवून पैसा टाकल्याशिवाय होत नाही हो.

आपल्याकडे ठरवलं नव्हतं असंही नाही. मराठी भाषकांचं एक राज्य व्हावं म्हणून नेत्यांमध्ये झालेल्या 1953 च्या नागपूर करारात विदर्भ-मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी द्यायचा शब्द होता. 1983 ला दांडेकर समिती नेमली, राज्याच्या सरासरीच्या मागं कोणता जिल्हा किती हे तिनं मोजलं, अनुशेष, म्हणजे राहून गेलेल्या विकासाचा खर्च, निघाला 3,186 कोटींच्या वर. 1994 ला भागाभागाच्या विकासावर लक्ष ठेवायला वैधानिक विकास मंडळं आली, 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली. आणि नगर-बीड-परळी रेल्वे, 261 किलोमीटर, 1995 ला मंजूर, बीडच्या स्टेशनवरून पहिली गाडी सुटली 17 सप्टेंबर 2025 ला!! तीस वर्षं. एवढ्या काळात ज्याला कारखाना टाकायचा होता त्यानं चाकणला टाकला, त्याची तरी काय चूक.

आणि यात पुण्याचं काय भलं झालं? आमच्याकडचा शिकलेला प्रत्येक पोरगा इथंच येतो, एका खोलीत चौघं राहतात, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोजचे दोन-तीन तास जातात, नव्या सोसायट्या टँकरवर चालतात. एवढ्या लोकांना पुरवायला फ्लायओव्हर बांधा, मेट्रो बांधा, पाणी लांबून आणा. तिकडं गणितात हुशार पोरगी कोपीपुढं, ऊसतोडीवरच्या झोपडीपुढं, भाकरी थापतेय, म्हणजे देशाला एक इंजिनिअर, एक शिक्षिका मिळायची ती मिळाली नाही, हा तोटा कुठल्या आकड्यात धरणार? अशा किती पोरी असतील ते आमच्या एका गल्लीवरून मला कळतं, मागच्या दिवाळीनंतर तिथून अकरा कोयते गेले.

मित्राला आज मेसेज टाकलाय. या दिवाळीनंतर दोन दिवस सुट्टी काढ, माझ्यासोबत गावी चल, पहाटे फाट्यावर उभं राहू, ट्रॉल्या निघायच्या वेळेला.