बाळ कळलं, बाळाची आई कधी कळणार?

कॉलेजच्या ग्रुपवर आज परत तेच. इवल्याशा मुठीचा फोटो, वजन तीन किलो, बाळ-बाळंतीण सुखरूप. आनंद आहे, अगदी मनापासून आहे! पण ती कशी आहे? झोप मिळते का तिला? पीएचडी कुठवर आली? कुणी विचारेल तर शपथ! जिची जर्नल्स उतरवून अख्खा वर्ग पास झाला, तिच्या डीपीत बाळ, स्टेटसला बाळ आणि ग्रुपवर तिची ओळख काय, तर 'अमक्याची आई'. बापाचं मात्र प्रमोशनही कळतं, नवी गाडीही कळते.

अभिनंदनं संपली की मोर्चा उरलेल्यांकडे. 'तुमची गुड न्यूज कधी?' 'एकावरच थांबलात?' अरे, चारचौघांत विचारायची गोष्ट आहे ही? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण दर सहा प्रौढांपैकी एकाच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्व येतं. आपल्या वर्गात किती जण झाले, करा की हिशोब! त्यातली एखादी कालच दवाखान्यातून रडत घरी आली असेल. आणि तुम्ही तिला डोळा मारणारा इमोजी पाठवता?