खुलासा : गंगापूर धरण आणि जायकवाडीचं पाणी

‘जायकवाडीसाठी गंगापूर धरण रिकामं करतात, नाशिककर तहानलेले राहतात, याला कायद्याचा आधारच नाही’ असा मेसेज फिरतोय. तो खरा नाही.

समन्यायी वाटपाची, म्हणजे वरच्या आणि खालच्या धरणांत पाणी न्याय्यपणे वाटण्याची तरतूद महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यातच आहे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. धरणांतल्या १५ ऑक्टोबरच्या साठ्यांवरून मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाच्या तुटीचा हिशोब होतो. जायकवाडीला पाणी सोडण्याच्या २०२३ च्या आदेशात एकूण ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी होतं. त्यात गंगापूर धरणसमूहाचा वाटा फक्त ०.५, प्रवरा धरणसमूहाचा ३.३६. नदीपात्रात पाणी मुरतं, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणूनच वाटेत आणखी पाणी अडून राहू नये यासाठी कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या पाणी अडवणाऱ्या फळ्या काढाव्या लागतात. नाशिक-मराठवाड्यात उगाच तेढ वाढतेय. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.