जीपीआयबीचा कोरम

जीपीआयबी हे नाव ज्याने ऐकलेलं नाही तो सुखी माणूस. मीटरसारखी उपकरणं एकमेकांना आणि कॉम्प्युटरला केबलने जोडायची ही पद्धत एचपीने साठच्या दशकाच्या शेवटी काढली, 1975 ला तिचं आयट्रिपलई 488 स्टँडर्ड झालं. 24 पिनांचा धिप्पाड कनेक्टर, त्याच्या पाठीवर दुसरा, त्याच्यावर तिसरा, आणि केबल इतकी ताठ की ती वळवायला गेलं तर मीटरच वळतो.

तर माझा जुना मल्टिमीटर लॅपटॉपशी बोलेना. म्हणजे सकाळी बोलायचा, संध्याकाळी टाइमआउट. आधी अॅड्रेस, म्हणजे मीटरचा ओळख-नंबर, बघा म्हणतात. तो मागे, बारक्या डिप स्विचवर, बायनरीत! टॉर्च दातात धरून 16 अधिक 4 अधिक 2 करत बसायचं, आणि बदलला तरी बंद करून चालू केल्याशिवाय मीटर मानतच नाही. मग स्क्रू. काळे मेट्रिक, चंदेरी इंची, दिसायला सारखे, पण काळा चंदेरीवर चढवला की एखादा आटा फिरून अडकतो, कनेक्टर अर्धवट बसतो आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या घालतो.

बसवर, म्हणजे या सामायिक केबल-साखळीवर, जास्तीत जास्त 15 डिव्हाइस चालतात, पण त्यातली निदान दोन तृतीयांश चालू हवीत, म्हणजे हाऊसिंग सोसायटीची मीटिंगच की! माझ्याकडे कोरम पुरा होता, तरी ठराव पास होईना. कारण सभासदही तसलेच, एनआरएफडी नावाची लाइन असते, 'मी अजून तयार नाही' सांगायची, ती एकाने जरी खाली धरून ठेवली की बाकी सगळे ताटकळत. माझा संशय अर्थातच वर्षानुवर्षं बंद पडलेल्या प्लॉटरवर (पेनाने आलेख काढणारं यंत्र), त्याला साखळीतून काढला, सिग्नल जनरेटर काढला, शेवटी एकटा मीटर उरला, तरी संध्याकाळ झाली की गप्प.

मग केबल कंटिन्युइटीवर लावली, म्हणजे तार आतून जोडलेली असेल तर मीटर बीप करतो. 6 नंबरची पिन, डीएव्ही, 'डेटा घ्या' सांगणारी. केबल सरळ धरली की बीप, जरा वाकवली की शांतता. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून काळं निघालं भरपूर, बीपचं मात्र तेच, आतली पत्तीच सैल झालेली. नवीन ओरिजिनल केबलचा भाव विचारला आणि फोन ठेवला.

सध्या केबल सुतळीने खिडकीच्या गजाला ताणून बांधलीय, मस्त चालतंय. टेबलावर 'हलवू नये' अशी चिठ्ठी लावली तर मावशी म्हणाल्या, दादा, मग फरशीपण तुम्हीच पुसा.