खुलासा : ६.५ क्रीडमूरची गोळी 'सरळ' जात नाही

पुण्यातल्या रायफलप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ६.५ क्रीडमूर या रायफलच्या काडतुसाबद्दल एक संदेश फिरतोय: '६.५ क्रीडमूरची गोळी ५०० मीटरपर्यंत सरळ जाते, मार .३०० विंचेस्टर मॅग्नमइतकाच. आफ्रिकेत कुडूसाठी डोळे झाकून हेच काडतूस घ्या.' (कुडू म्हणजे आफ्रिकेतला हरणासारखा मोठा प्राणी; .३०० विंचेस्टर मॅग्नम हे रायफलचं दुसरं काडतूस.)

सरळ कुठलीच गोळी जात नाही. नळीतून सुटली की ती पडायला लागते. १०० मीटरवर शून्य केलेल्या, म्हणजे त्या अंतरावर नेम बरोबर लागेल अशा जुळवलेल्या, क्रीडमूरची गोळी ५०० मीटरवर दीड मीटरहून जास्त खाली येते, म्हणजे अंतर नीट मोजलं नाही तर नेम हुकलाच.

माराचं तर साधं गणित आहे. क्रीडमूरची १४० ग्रेनची (सुमारे ९ ग्रॅम वजनाची) गोळी सेकंदाला साधारण ८२० मीटर वेगाने सुटते, ऊर्जा ३,००० जूलच्या आसपास. .३०० मॅग्नमची १८० ग्रेनची गोळी ९०० मीटरने सुटते, ऊर्जा ४,७०० जूल. याला 'इतकाच' म्हणायचं तर कठीणच आहे!

मग क्रीडमूरचं एवढं कौतुक का? तिची गोळी लांब, सडपातळ; .३०८ या प्रचलित काडतुसाच्या नेहमीच्या गोळीपेक्षा ती वाऱ्याने कमी ढळते. शिवाय मॅग्नमच्या मानाने धक्का बराच सौम्य, त्यामुळे नवखा माणूस दचकत नाही. माझ्या मते ही बाजू जूलच्या आकड्याइतकीच मोलाची. कुडूही तिने पडतो, पण अंतर आवाक्यातलं आणि गोळी शिकारीसाठी बनवलेली हवी; कागदी लक्ष्याची नव्हे.

आणि हे सगळं परदेशातल्या परवानाधारक शिकारीबद्दल. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार बंद आहे, काडतूस कुठलंही असो.