‘ब्रँडेड टू किल’ला कथा आहे, आणि ती हिऱ्यांची आहे

जपानी दिग्दर्शक सेइजुन सुझुकी यांच्या १९६७ च्या ‘ब्रँडेड टू किल’ या चित्रपटाबद्दल एक मत सतत फिरत असतं: याला कथाच नाही, पटकथेविना सेटवर सुचेल ते चित्रित केलं, त्यापायी तो काढणारा निक्कात्सु स्टुडिओ बुडाला आणि सुझुकींना काढलं ते योग्यच झालं. यातलं फारच थोडं टिकतं.

आधी कथा. गोरो हानादा हा तिसऱ्या क्रमांकाचा भाडोत्री मारेकरी. याबुहारा त्याला माणसं नेमून देतो: एक कस्टम्स अधिकारी, एक कृत्रिम डोळे बनवणारा, एक जवाहिऱ्या. लायटरच्या जाहिरात-फलकामागून झाडलेली गोळी आणि बेसिनच्या पाइपमधून वर आलेली गोळी इतकी गाजली की या तिघांमधला धागा कुणी शोधतच नाही. तिघंही याबुहाराच्या तस्करीतले हिरे चोरत होते. चौथं सावज म्हणजे या चोरीच्या तपासाला आलेला परदेशी; ते काम मिसाको नावाची एक गूढ बाई आणते. नेम धरताना बंदुकीवर फुलपाखरू बसतं, भलतंच माणूस मरतं आणि धंद्याच्या नियमाने हानादाच सावज ठरतो. बायकोने त्याच्यावर झाडलेली गोळी, पहिल्या क्रमांकाच्या मारेकऱ्याने घातलेला वेढा, सारं या एका चुकीतून येतं.

मग प्रेक्षक का हरवतो? कारण हिऱ्यांचा खुलासा हानादाची बायको मामी बराच उशिरा, मोजक्या वाक्यांत करते. शिवाय एका जागेतून दुसऱ्या जागेत नेणारे शॉट सुझुकी गाळतात. दुसऱ्यांदा पाहताना फक्त हिऱ्यांचा माग ठेवा, खुनांचा क्रम आपोआप लागतो.

पटकथेचं श्रेय हाचिरो गुर्यु या नावाला आहे. हे आठ जणांच्या गटाचं सामायिक टोपणनाव. त्यात सुझुकी स्वतः होते, पटकथाकार आत्सुशी यामातोयाही होते. सुझुकी स्टोरीबोर्ड काढत नसत, अनेक कल्पना आदल्या रात्री किंवा सेटवर सुचत, एवढं खरं. पण चित्रीकरण २५ दिवसांत आणि संकलन एका दिवसात उरकलं, कारण जादा फुटेज जवळपास नव्हतंच. कुठला शॉट कुठे जोडायचा हे डोक्यात पक्कं असल्याशिवाय असं होत नाही.

स्टुडिओ बुडाल्याची गोष्ट तर तारखांपुढेच उभी राहत नाही. चित्रपट जून १९६७ मध्ये आला, तोही जोड-खेळात, म्हणजे दुसऱ्या एका चित्रपटासोबत. सुझुकींना काढलं एप्रिल १९६८ मध्ये. निक्कात्सु त्यानंतरही चित्रपट काढत राहिलं. १९७१ मध्ये त्याने रोमान पोर्नोची, म्हणजे कामुक चित्रपटांची वाट धरली. सुझुकींना काढताना स्टुडिओचे अध्यक्ष क्यूसाकु होरी यांची तक्रार ‘न समजणारे चित्रपट’ अशी होती.

सुझुकींनी जून १९६८ मध्ये स्टुडिओवर दावा लावला. डिसेंबर १९७१ मध्ये तडजोड झाली: सुझुकींना १० लाख येन आणि स्टुडिओची जाहीर माफी. तरीही पुढचा चित्रपट मिळायला १९७७ उजाडलं. स्टुडिओने प्रदर्शनासाठी द्यायला नकार दिलेल्या त्यांच्या चित्रपटांपैकी ‘ब्रँडेड टू किल’ची प्रत त्याच तडजोडीनुसार तोक्योच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या फिल्म सेंटरला मिळाली.