चुंबकाने बोटाचं ‘बटण’ सापडतं का?

फिरत असलेला दावा असा: डोक्यावर चुंबक धरायचा, बोट हललं की मेंदूतलं त्याचं बटण सापडलं, हललं नाही म्हणजे तिथे केंद्र नाही, मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशनआधी एवढं केलं की सर्जनला पुढे काही तपासावं लागत नाही. बोट हलतं हे खरंच. शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्येच ते दाखवलं. बाकीचं टिकत नाही.

‘चुंबक धरायचा.’ फ्रिजवरचा चुंबक तासभर धरला तरी करंगळीसुद्धा हलणार नाही. डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, हजारो अँपिअरचा प्रवाह मिलिसेकंदाहून कमी वेळ सोडतात; हा एक झटका. चुंबकीय क्षेत्र झपकन बदलतं, त्यातून मेंदूत वीज निर्माण होते आणि पेशी त्या विजेने चेततात.

‘बटण.’ खरा घोळ इथे आहे. शेजारच्या स्नायूंच्या जागा मेंदूत एकमेकींवर चढलेल्या असतात. शिवाय झटका वाढवला की नकाशा, म्हणजे कुठे झटका दिल्यावर कोणता स्नायू प्रतिसाद देतो याची आखणी, फुगतो, कारण वीज लांबवर पोचते. म्हणून आधी उंबरठा ठरवतात. अंगठा आणि तर्जनीमधल्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावायचे; 10 पैकी निदान 5 झटक्यांना स्नायूत 50 मायक्रोव्होल्ट किंवा जास्त विजेचा प्रतिसाद देणारी सर्वांत कमी तीव्रता, तो उंबरठा. एवढासा प्रतिसाद बहुधा डोळ्यांना दिसतही नाही. नकाशा उंबरठ्याच्या साधारण 110 ते 120 टक्क्यांवर काढतात. इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल डोक्याला टेकवून, तिची मूठ मागे, मध्यरेषेशी 45 अंशांत धरायची. कोन फिरला की तीच जागा गप्प होते. उलट रुग्णाने हात किंचित आवळला तरी प्रतिसाद कितीतरी मोठा येतो. झटक्याआधी इलेक्ट्रोडवरून दिसणारी स्नायूची रेघ सपाट नसेल तर ते मोजमाप सरळ टाकून द्यावं.

‘हललं नाही म्हणजे तिथे केंद्र नाही.’ हा निष्कर्ष सर्वांत घातक. फिटसाठीच्या कार्बामाझेपिन, फेनिटॉइनसारख्या औषधांनी उंबरठा चढतो. पायाची जागा दोन अर्धगोलांमधल्या फटीत खोल असते, तिला जोरदार झटका लागतो. प्रतिसाद नाही म्हणून ती जागा कापायला मोकळी ठरत नाही.

‘सर्जनला तपासावं लागत नाही.’ कवटी उघडली, मेंदूभोवतीचा द्रव वाहून गेला की मेंदू खाली बसतो आणि एमआरआयवर आखलेला नकाशा काही मिलिमीटर, कधी त्याहून जास्त सरकतो. कवटी कुठे उघडायची, गाठीपर्यंत कुठल्या बाजूने जायचं, रुग्णाला कोणता धोका सांगायचा, हे त्या नकाशावरून ठरवता येतं. गाठ हालचालीच्या केंद्राला लागून असेल, तर काढताना उघड्या मेंदूवर थेट विजेने पुन्हा तपासावंच लागतं.