आधी रंग तर निघू दे

गाडी रंगवायची म्हटली की डोळ्यासमोर काय येतं, तर मास्क लावलेला माणूस, हातात स्प्रे गन आणि फुस्स करून पसरणारा चकचकीत रंग. पण जुनी गाडी असेल ना, म्हणजे चाळिशी कधीच ओलांडलेली, तर ते फुस्स शेवटी जरासंच असतं हो. त्याआधी सगळं उचकटणं, खरवडणं आणि जमिनीवर पालथं पडून घरंगळलेले स्क्रू शोधणं.

पहिलं काम, बाहेर जे जे लावलंय ते काढायचं. बंपर, हेडलाइटच्या रिंगा, आरसे, वायपर, बॅज, हँडल, क्रोमच्या पट्ट्या. "टेप मार की त्यावर, काढतोस कशाला" असं सांगणारे भेटतात, पण टेपच्या कडेला नव्या रंगाची जी धार राहते तिथूनच पुढे पोपडे सुटतात, म्हणून काढायचंच. आणि काढायला घेतलं की कळतं, गाडीला नुसतं बाहेरचं असं काही नसतंच. दाराचं हँडल दिसतं बाहेर पण त्याचे नट दाराच्या पोटात, तिथं हात घालायचा तर आतलं पॅनल काढा, पॅनल काढायचं तर काच खालीवर करायची मूठ काढा, आणि त्या मुठीमागे नालेच्या आकाराची एक इवलीशी क्लिप असते जी कुणालाच दिसत नाही. तिच्या मागे फडकं सरकवून दोन्ही टोकं धरून इकडेतिकडे घासलं की ती निघते. युक्ती एकदम खरी आहे, फक्त निघते म्हणजे टण्णकन उडते आणि पुढे कुठे जाते ते तिचं तिलाच माहीत.

क्रोमच्या पट्ट्यांचा तर वेगळाच तोरा. एका टोकाला धरून ओढली की वाकणार, आणि एकदा वाकली की परत कध्धीच पहिल्यासारखी सरळ होत नाही. म्हणून प्लास्टिकची पातळ पट्टी घालून एकेका क्लिपपाशी जपून उचलायची, क्लिप मात्र इतकी वर्षं गंजून तिथेच मुरलेली. स्क्रूंना रात्रभर तेल पाजायचं, घाई केली की डोकं गुळगुळीत होतं (स्क्रूचं, आपलं आधीच झालेलं असतं) आणि मग ड्रिल. निघालेली प्रत्येक वस्तू पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी. 'डावं दार, वरचा, लांब स्क्रू' अशा शहाण्यासारख्या चिठ्ठ्यांमध्ये एकीवर माझ्याच अक्षरात 'हे बघू नंतर' असं लिहिलंय.

मग खरं काम, जुना रंग काढणं. इथे शेजारचे काका आले. काकांना कुठल्याही विषयावर मत असतं. म्हणाले, "वाळू मारून घे ना, एका दुपारचं काम." म्हटलं काका, चासिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला ठीक आहे, पण बॉनेटचा पत्रा असतो जेमतेम एक मिलिमीटरचा, त्यावर जोरात वाळूचा मारा झाला की तो ताणला जाऊन लाटालाटांचा होतो. "मग वाळूऐवजी खायचा सोडा मार." सोडा पत्र्याला सांभाळून घेतो हे खरं, पण त्याची पूड फटींत राहिली तर नवा रंग धरतच नाही. "मग केमिकल लाव!" आता केमिकलचं असंय की जुन्या रिमूव्हरमधलं मिथिलीन क्लोराइड भयंकर कामाचं, पण बंद जागेत त्याच्या वाफेने माणसं दगावलीत, अमेरिकेत २०१९ साली सामान्य ग्राहकाला असा रिमूव्हर विकण्यावर बंदीच आली. नवीन रिमूव्हर त्या मानाने सौम्य, म्हणजे रंगाशीही सौम्यच. जाडसर थर द्यायचा, वर प्लास्टिक पसरायचं आणि वाट बघत बसायचं. त्यात दाराच्या दुमडलेल्या कडांना टेप लावून लांब राहायचं, कारण फटीत शिरलेलं केमिकल बाहेर यायला नेमका नवा रंग झाल्यावरचा मुहूर्त बघतं.

राहिलेलं हाताने घासायचं. पण जुन्या रंगात, विशेषतः लाल पिवळ्यात, शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ उडवायची नाही, पाणी लावून घासा म्हणतात. आणि उघड्या पत्र्याला पाणी लागलं की तो तुमच्यादेखत तांबूस व्हायला लागतो. म्हणजे कोरडं घासलं तर माझी वाट, ओलं घासलं तर गाडीची!

घासताना थराखाली थर निघतात. वरचा लाल, खाली पांढरा, त्याखाली निळा, आणि त्याखाली खड्डे बुजवायची पुट्टी. पुट्टी किती ते बघायला चुंबकाला मऊ कापड गुंडाळून दारावरून फिरवायचं, जिथे पत्रा आहे तिथे ते चिकटतं, जिथे पुट्टीचा जाड थर आहे तिथे गळून पडतं. माझ्या मागच्या मडगार्डवर चुंबक कुठेच टिकेना. आधीच्या मालकाने गाडी कशी सांभाळली याबद्दल जे जे सांगितलं होतं ते सगळं मी तिथे उभ्या उभ्या आठवलं.

वैताग याचा येतो की रंग द्यायचं काम माणसाने कधीच फास्ट करून टाकलंय. १९२३ साली ड्यूपाँटने ड्यूको नावाचा झटपट वाळणारा रंग आणला, त्याआधी गाडी रंगवून पूर्ण व्हायला आठवडे लागायचे. काढायचं काम मात्र अजून ८० नंबरचा सँडपेपर, मग १२०, मग १८० आणि खांदा. शेवटी पत्रा असा लखलखीत निघाला की काकांना राहवलं नाही, त्यांनी बॉनेटवर प्रेमाने अख्खा पंजा ठेवला. घामाच्या हाताचा उघड्या पत्र्याला स्पर्श म्हणजे गंजाला आवतण, दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही बोटं तांबूस उमटलेली, रेषा वाचून भविष्य सांगता आलं असतं.

ते परत घासलं, थिनरने पुसलं आणि अजून कुणी माया करायच्या आत इपॉक्सी प्रायमर, म्हणजे खऱ्या रंगाखालचा अस्तराचा थर, मारून टाकला. करडा, मंद, चमक शून्य. संध्याकाळी काका आले, भोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "झाली एकदाची! पण काय रे, एवढं सगळं करून राखाडीच का निवडलास?"